ट्यूब लुकलुकते आणि टायमर चुकतो

आम्ही इंजिनियर नव्हे. शाळा सातवीत सुटली. पुढचे शिक्षण कारखान्यांच्या गेटवर आणि खडवली-कल्याणच्या लोकलमध्ये झाले. तरी आज विजेवर बोलायला उभे आहोत, कारण एका ट्यूबलाइटने आमच्या एका सभासदाची नोकरी जवळजवळ घालविली होती.

एका लहानशा कारखान्यात रबराचे भाग तापवून घडविणारा प्रेस होता. आठ मिनिटे भरली की डिजिटल टायमरने साचा उघडायचा. रात्रपाळीचा माल कधी कच्चा, तर कधी करपलेला निघू लागला. दिवसपाळीची मात्र एकही तक्रार नाही. मालकांनी अर्थ काढला की माणूस पेंगतो आणि मग बटणे दाबून वेळ जुळवतो. नोटीस आली, मजुरी कापली गेली. खडवलीचा तो गडी आम्हांला म्हणाला, "भाऊ, बटणाला हात लावला नाही हो. वरची ट्यूब लुकलुकली की आकडे आपोआप बदलतात."

खरे सांगायचे तर आम्हांलाही ती सबब वाटली. पण वायरमनला बरोबर घेऊन पाहिले, तेव्हा डोळे उघडले.

ट्यूबच्या पट्टीत चोक असतो, म्हणजे लोखंडावर गुंडाळलेली तार. त्यातून वाहणारी वीज एकाएकी तोडली, तर ती मुकाट्याने थांबत नाही. क्षणभर शेकडो व्होल्टचा उसळा मारते. त्या उसळ्यानेच ट्यूब पेटते. तोडण्याचे काम स्टार्टरचे. ट्यूब जुनी झाली की एका उसळ्याने पेटत नाही, आणि स्टार्टर वीज जोडीत-तोडीत बसतो. दर वेळी ठिणगी पडते आणि तिचा उपद्रव तारांतून व हवेतून पसरतो. मुंबई केंद्रावरच्या बातम्या ऐकताना ट्यूब लावली की रेडिओ खरखरे, हे आपल्यापैकी पुष्कळांना आठवत असेल. ती हीच खरखर. ती दाबण्यासाठी स्टार्टरच्या डबीत एक चिमुकला कपॅसिटर असतो. तो निकामी झाला की कोण दाबणार?

रेडिओ खरखरला तरी माणसाचा कान बातमी निवडून घेतो. टायमरला ती अक्कल नाही. त्याच्या पोटात साधारण पाच व्होल्टवर चालणारी मोजणी असते. व्होल्ट चढले म्हणजे एक ठोका, एवढेच त्याला कळते. सेकंदाच्या दशलक्षांश भागाएवढी उसळीही त्याला खरा ठोका वाटू शकते. खोटा ठोका मिनिटांच्या मोजणीत शिरला तर वेळ पुढे सरकते आणि माल कच्चा निघतो. तोच 'पुन्हा आरंभ' करणाऱ्या तारेवर पडला तर आकडे शून्यावर येतात आणि माल करपतो. दिवसा त्या ट्यूबची गरजच नसे, म्हणून दिवसपाळी निर्दोष!

आम्ही स्टार्टर काढून ट्यूब बंद ठेवली. रात्रभर एकही चूक झाली नाही. दुसऱ्या रात्री तो परत बसविला, आणि फोरमनच्या देखत आकडे शून्यावर आले.

पुढचे काम स्वस्तातले होते. ट्यूब आणि स्टार्टर नवे घातले. टायमरच्या बटणाची लांब तार दिव्याच्या तारेबरोबर एकाच पाइपातून नेली होती, म्हणजे चोराला घरात जागा दिल्यासारखेच. ती वेगळी काढली आणि दोन्ही पदर पिळून घेतले. टायमरच्या चिपजवळ ०.१ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर जोडला. आलेली उसळी तो जागच्या जागी गिळतो.

आता ट्यूबच्या जागी एलईडी दिवे आले, म्हणून निर्धास्त राहू नये. त्यांच्या बुडाशी असलेले सर्किट वीज सेकंदाला हजारो वेळा जोडते-तोडते. चांगल्या दिव्यात तो उपद्रव अडविणारी गाळणी असते. स्वस्त दिव्यात पैसे वाचविण्यासाठी पुष्कळदा तीच गाळलेली असते. इमारतीच्या पंपाचा टायमर अवेळी सुरू होत असेल, तर वॉचमनवर ओरडण्याआधी एकेक दिवा बंद करून पाहावा.

त्या गड्याची नोटीस आठवड्यात मागे घेतली गेली. कापलेली मजुरी पदरात पडायला मात्र चार महिने लागले.