मिरची झोंबते म्हणजे काय होते?

मराठी शिकवण्यात ज्याची वीस वर्षे गेली, त्याने मिरचीच्या रसायनशास्त्रात नाक खुपसू नये. खुपसल्यास शिंका येतात! परंतु मला त्या वाटेला लावले ते आपल्याच एका क्रियापदाने. ते म्हणजे ‘झोंबणे’.

आम्हा धाराशिवकरांना भाकरीबरोबर ठेचा आणि आमटीत येसर हवाच. हा ठेचा जिभेला झोंबतो, तालमीत मल्ल मल्लाला झोंबावा तसा. मग तोंडाची आग होते. आता गार ठेच्यात आग कुठली? साहित्यशास्त्र याला लक्षणा म्हणेल. शरीरशास्त्र मात्र म्हणते, की हा जवळजवळ वाच्यार्थच आहे!

मिरचीतल्या जहाल द्रव्याला थ्रेश या इंग्रज रसायनज्ञाने १८७६ साली ‘कॅप्सेसिन’ हे नाव दिले. ते शरीरात नेमके कुणाला झोंबते, हे कळायला मात्र १९९७ साल उजाडले. कॅलिफोर्नियातील डेव्हिड ज्युलियस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वेदना जाणणाऱ्या मज्जापेशींतील जनुके घेतली, ती मिरचीचा पत्ताही नसलेल्या पेशींत घातली, आणि कोणत्या जनुकाने ती पेशी तिखटाला दाद देऊ लागते ते हुडकले. सापडले ते मज्जातंतूच्या टोकावरचे एक प्रथिन, एक चिमुकले दार. कॅप्सेसिन त्याला बिलगले की दार उघडते आणि मेंदूकडे वर्दी जाते. गंमत अशी, की सुमारे ४३ अंश सेल्सिअसच्या वर उष्णता गेली तरी हेच दार उघडते. मेंदूला वर्दी एकच : भाजले! या शोधाबद्दल ज्युलियस यांना २०२१ चे नोबेल पारितोषिक विभागून मिळाले.

पुढची साक्ष उंदरांनी दिली. हे जनुकच नसलेले उंदीर निपजवण्यात आले. २००० साली प्रसिद्ध झालेल्या त्या प्रयोगात साध्या उंदरांनी कॅप्सेसिनचे पाणी एकदा चाखून नाकारले. हे बिनदाराचे उंदीर मात्र ते खुशाल प्याले. तापलेल्या तबकडीवरून पाय उचलायलाही त्यांना उशीर लागला. आपला मिठू मिरची मिटक्या मारीत खातो त्याचेही रहस्य हेच. पक्ष्यांचे हे दार उष्णतेने उघडते, कॅप्सेसिनने नाही.

हे सारे कशासाठी? आमच्या शेजारच्या आजींना नागीण झाली होती. फोड सुकले, पण वर्षभर त्यांना पदराचा स्पर्शही सोसवेना. अशा वेदनेवर कॅप्सेसिनचीच जहाल पट्टी वापरण्यास अमेरिकेत २००९ साली मान्यता मिळाली. फार झोंबले की तंतूंची टोके थकून काही आठवडे गप्प बसतात. हंगेरीच्या यांचो यांनी गेल्या शतकाच्या मध्यासच हा गुण जनावरांत दाखवला होता. मग ते दार कायमचेच बंद का करू नये? तशी औषधे माणसांना देऊन पाहिली, तेव्हा काहींना ताप चढला आणि चटका बसल्याची जाणीवही बोथट झाली. वेदना हीही घरची राखणदार आहे. तिला पार हाकलून चालत नाही.

राहता राहिला उंदीर. त्याच्या पंजात कॅप्सेसिन टोचतात आणि तो पंजा किती सेकंद चाटतो ते मोजतात. बोलता न येणाऱ्या जिवाची तीच भाषा. आपल्या देशात १९६० च्या कायद्यान्वये अशा प्रयोगांवर देखरेख असते आणि शक्य तेथे भूल देण्याची अपेक्षा असते. पण जेथे वेदनाच मोजायची, तेथे पूर्ण भूल देणार कशी? हा पेच मला सुटत नाही, आणि तो कुणाला सहज सुटू नये असेच वाटते. आजींसारख्यांना रात्रीची झोप मिळावी, हे मला हवेच आहे. परंतु त्या झोपेच्या हिशेबात एका मुक्या जिवाचे चाटणे मांडलेले आहे, एवढे तरी आपण विसरू नये.