तेलात पाणी

आठवडी बाजारात ‘तेलात पाणी घातलंस’ असं कुणी म्हटलं की भांडण ठरलेलं. तेल आणि पाणी एकत्र नांदत नाहीत, हे फोडणी देणाऱ्या प्रत्येक गृहिणीला ठाऊक असतं. मलाही तेवढंच ठाऊक होतं. पुढे एका माणसापायी, तेलात पाणी खरोखरच कसं शिरतं हे मला मुद्दाम वाचावं लागलं. त्याची ही हकीकत.

१९९४च्या सुमारास माझी बदली चंद्रपूर जिल्ह्यातल्या सावलीला झाली. मूलहून गडचिरोलीकडे जाताना लागणारं हे गाव. चहूकडे धानाच्या बांध्या. धान कापणीला येण्याआधी, बांधीत ओल असतानाच, शेतकरी उभ्या पिकात जवस नाहीतर लाखोळी फेकायचे. धान निघालं की त्याच ओलीवर जवसाचं पीक वाढायचं आणि निळसर फुलांनी शेतं भरून जायची. आमच्या शाखेत एक शिपाई होते, सगळे त्यांना भाऊ म्हणत. ते घरून डब्यात जवसाची चटणी आणायचे. भाजलेला जवस, लसूण, लाल मिरची. घर सोडून एकटाच आलेल्या मला त्यांनी ती दोन वर्षं खाऊ घातली.

निवृत्तीनंतर मी एका दिवाळी अंकात जवसावर लेख लिहिला. जवसाच्या तेलात निम्म्याच्या आसपास ओमेगा-३ गटातलं मेदाम्ल असतं, हे खरंच आहे. पण लेखणी सैल सुटली आणि जवस खाणाऱ्याला रक्तदाबाची भीती कसली, असं एक वाक्य मी ठोकून दिलं. भाऊंनी तो अंक मिळवून वाचला. साहेबांनी लिहिलंय म्हटल्यावर त्यांनी रक्तदाबाची गोळी बंद केली. चार महिन्यांनी अर्धांगवायूचा झटका आला आणि उजवा हात गेला. मी भेटायला गेलो तेव्हा रागाचा एक शब्द नाही. ‘साहेब, तुमीच त लिवलं होतं,’ एवढंच म्हणाले. बँकेत चुकलेली नोंद उलटी नोंद करून दुरुस्त करता येते. इथे ती सोय नव्हती.

घरी आलो आणि वाचायला बसलो.

मेदाम्ल म्हणजे कार्बनच्या अणूंची लांब साखळी. त्या साखळीत कुठे कुठे दुहेरी बंध असतो, तेव्हा त्या मेदाम्लाला असंतृप्त म्हणतात. जवसाच्या तेलाच्या बाटलीचं तोंड चिकट होतं ते याच बंधांपायी. हवेतला ऑक्सिजन तिथेच शिरकाव करतो. नुसतं पाणी मात्र आपणहून तिथे शिरत नाही. ते काम काही जिवाणूंमधलं एक विकर, म्हणजे एन्झाइम, करतं. दुहेरी बंधाच्या एका कार्बनवर ते पाण्यातला हायड्रोजन बसवतं आणि शेजारच्या कार्बनवर पाण्याचा उरलेला भाग. अमेरिकेत वॉलेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६२ मध्ये एका जिवाणूकडून ऑलिक आम्लाचं असं रूपांतर झाल्याचं नोंदवलं. जपानमधल्या क्योतो विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१३ मध्ये लॅक्टोबॅसिलस जातीच्या एका जिवाणूत ही वाट टप्प्याटप्प्याने उलगडून दाखवली. पाणी जोडलेलं असं एक मेदाम्ल आतड्याचं अस्तर जपायला मदत करतं, असं पुढे उंदरांवरच्या प्रयोगांत दिसलं.

हे वाचून मला हुरूप आला. म्हणजे माझं वाक्य अगदीच खोटं नव्हतं की! पण पुढची पानं उलटली आणि गप्प झालो.

आमच्या आईच्या औषधाच्या डब्यात कडू जिरे असायचे. पोरांना जंत झाले की द्यायचे, एवढीच आम्हाला त्यांची ओळख. त्याच बियांच्या तेलात गन्स्टन या रसायनशास्त्रज्ञाने १९५४ मध्ये एक निराळं मेदाम्ल ओळखलं. त्याच्या साखळीतल्या दोन शेजारी कार्बनांवर ऑक्सिजनचा एकच अणू खोगिरासारखा बसलेला असतो. या त्रिकोणी रचनेला एपॉक्साइड म्हणतात. अशी एपॉक्सी मेदाम्लं आपलं शरीरही तयार करतं आणि त्यांतली काही रक्तवाहिन्या सैल ठेवायला मदत करतात. मग आपल्याच यकृतात, मूत्रपिंडात आणि इतरत्र असलेलं दुसरं एक विकर त्या त्रिकोणात पाणी घालून तो उघडतं आणि त्यांचा प्रभाव ओसरतो. या विकराला आवर घालणारी औषधं रक्तदाबासाठी आणि वेदनेसाठी तपासली गेली आहेत. लिनोलिक आम्लापासून बनणारी काही एपॉक्साइडं तर पाणी घातल्यावरच पेशींना विषारी ठरतात, असं १९९७ मध्ये दाखवण्यात आलं.

पाणी दोन्हीकडे तेच. एका ठिकाणी ते कदाचित जमेला लागतं, दुसऱ्या ठिकाणी नावे पडतं. आयुष्यभर जमाखर्च तपासलेल्या मला हे आधी कळायला हवं होतं. घशाखाली गेलेल्या तेलावर किती हात फिरतात, हे बाटलीवरच्या चिठ्ठीवरून कळत नाही, आणि उंदराच्या आतड्यावरून भाऊंच्या रक्तदाबाची हमी देता येत नाही. जवस हा जेवणातला घास आहे. चवीने, आवडीने खावा. गोळीची जागा त्याला देऊ नये, आणि चालू असलेली गोळी डॉक्टरांना विचारल्याशिवाय सोडू नये. त्या लेखात हे दोन ओळींत लिहिता आलं असतं.

आता वर्षातून एकदा तरी मी सावलीला जातो. भाऊ डाव्या हाताने जेवतात. वहिनी दोघांच्याही ताटात जवसाची चटणी वाढतात. मी घास घेण्याआधी विचारतो, ‘भाऊ, गोळी?’

‘घेतली जी,’ ते म्हणतात, आणि रिकामी पट्टी दाखवतात. मग आम्ही जेवायला लागतो.