ॲल्युमिनियमचा पांढरा गंज

सह्याद्रीच्या माथ्यावर अडलेला पाऊस जूनपासून सप्टेंबरपर्यंत ज्या मुलखात ठाण मांडून बसतो, त्या त्र्यंबकेश्वर तालुक्यातील हरसूल परिसरात माणसे आणि माल वाहणाऱ्या जीपगाड्या व पिकअप भर चिखलातही थांबत नाहीत. आणि पावसाळा सरल्यावर त्यांपैकी एखादीचे बॉनेट उघडले, तर टॅपेट कव्हरवर, वॉटर पंपाच्या खाचांत आणि बोल्टांच्या डोक्यांभोवती पीठ भुरभुरल्यासारखा पांढरट थर हमखास दिसतो. मालक त्याला गंज म्हणतो आणि लोखंडाचा गंज खरवडण्याच्या जुन्या वहिवाटीप्रमाणे वायर ब्रश घेऊन त्यावर तुटून पडतो. माझ्या मते खऱ्या नुकसानीस पुष्कळदा तेथूनच आरंभ होतो.

ओतीव लोखंडाच्या तुलनेत वजनाने सुमारे एक-तृतीयांश आणि उष्णता चटकन बाहेर टाकणारा ॲल्युमिनियम हा धातू यंत्रज्ञांना फार पूर्वीच भावला होता. राइट बंधूंच्या 1903 मधील विमानाच्या इंजिनाचा सांगाडादेखील ॲल्युमिनियमच्याच मिश्रधातूत ओतलेला होता. आजच्या गाड्यांत निदान सिलिंडर हेड तरी बहुधा याच धातूचे असते. ताज्या कापलेल्या ॲल्युमिनियमला हवा लागताच त्यावर ऑक्साइडचा, मिलिमीटरच्या लक्षांशाहूनही पातळ असा पापुद्रा क्षणार्धात धरतो. लोखंडाचा तांबेरा सुटून पडतो आणि खालचा धातू पुनःपुन्हा उघडा पाडतो. हा पापुद्रा मात्र धातूला घट्ट चिकटून त्याचेच रक्षण करतो. सबब इंजिनाचा नुसता मंदावलेला, करडा रंग हा दोष नव्हे, आणि तो आरशासारखा चकाकविण्याचा खटाटोप केवळ हौसेचा आहे.

या पापुद्र्याचे वैरी मात्र निश्चित आहेत. तीव्र आम्ल आणि तीव्र अल्कली ही दोन्ही त्यास विरघळवितात. मोखाडा-जव्हारमार्गे डहाणूच्या किनाऱ्याकडे जाऊन येणाऱ्या गाडीवर बसणारे मीठ त्यात सूक्ष्म खड्डे पाडते. कोपऱ्यात दिवसेंदिवस ओला राहिलेला चिखल त्याची डागडुजी करणारी हवा पोहोचूच देत नाही. आणि पोलादी बोल्ट जेथे ॲल्युमिनियमला भिडतो, तेथे ओलाव्याच्या साहाय्याने एक छोटासा विद्युत घट तयार होऊन त्या व्यवहारात ॲल्युमिनियमचाच बळी जातो. बोल्ट जाम होतो तो याचमुळे, आणि जोर लावला की आटे त्याच्याबरोबर बाहेर येतात.

साफसफाईचा खुलासा थोडक्यात करता येतो. इंजिन पूर्ण थंड होऊ द्यावे, बॅटरीची ऋण तार सोडावी, हवेच्या वाटेवर व अल्टरनेटरवर प्लॅस्टिक बांधावे. प्रथम तेलकट मळ डीग्रीझरने काढावा, मग सौम्य साबणाचे पाणी आणि नायलॉनचा ब्रश वापरावा. पांढरे डाग तरीही राहिले, तर लिंबूसत्त्वाचे फिकट द्रावण थोडा वेळ लावून भरपूर स्वच्छ पाण्याने धुवावे व कोरडे पुसावे. कॉस्टिक सोडा वर्ज्य. त्याच्या संपर्काने धातू फेसाळत विरघळतो आणि हायड्रोजन वायू सुटतो. चुलीची राखही अल्कलीधर्मीच, म्हणून भांडी घासण्याची ती सवय येथे आणू नये. पोलादी ब्रशचे कण मऊ धातूत रुतून पुढे स्वतःच तांबेरतात. आणि वाळूचा मारा करून सुटे भाग उजळविले, तर तेलाच्या वाटेत अडकलेला एखादा कण बेअरिंगचा निकाल लावू शकतो.

परंतु बाहेरच्या या डागांची जितकी काळजी वाहिली जाते, तितकी आतल्या पाण्याची कोणी वाहत नाही, ही माझी खरी तक्रार आहे. घाटात गाडी तापली की विहिरीचे अथवा ओढ्याचे पाणी रेडिएटरमध्ये ओतून मार्गस्थ होणे हा जुना शिरस्ता. लोखंडी इंजिनाच्या जीपने तो बराच काळ निभावून नेला. आता लोखंडी ब्लॉक, ॲल्युमिनियमचे हेड आणि वॉटर पंप एकाच क्षारयुक्त पाण्यात नांदतात, आणि हेडमधील जलमार्गांच्या कडा पोखरल्या जाऊन गास्केटला टेकण्यास सपाट जागाच उरत नाही. मग कूलंट कमी होते, तेलात पाणी शिरून ते दुधाळ दिसू लागते, आणि हेड उतरवून फेसिंगसाठी नाशिकला पाठविण्याची पाळी येते. असे हेड पॉलिश पेपरने हाताने घासून ‘सपाट’ करणारा मिस्त्री भेटला, तर त्यास विनयाने थांबवावे. सपाटपणा पट्टी व फीलर गेजने मिलिमीटरच्या शतांशांत मोजावा लागतो, आणि खोल खड्डे वेल्डिंगने भरून यंत्रावर घासावे लागतात, नाहीतर हेड बदलावे लागते.

यावरची तजवीज स्वस्त आहे: गाडीच्या पुस्तिकेत सांगितलेल्याच जातीचे कूलंट, बहुधा डिस्टिल्ड पाण्यात निम्मेनिम्म, आणि नेमलेल्या मुदतीत त्याची बदली, कारण त्यातील गंजरोधक द्रव्ये वापरता वापरता संपतात, मग रंग कितीही हिरवागार दिसो. अडचणीच्या वेळी साधे पाणी घालावेच लागले, तर मुक्कामी पोहोचताच ते काढून टाकावे. जुने कूलंट मात्र गॅरेजच्या दारातल्या गटारात सोडू नये. त्यातील ग्लायकॉल चवीला गोड व विषारी असते, आणि शेळ्या-कुत्री ते पितात. बंद डब्यात भरून, झाकणावर खूण करून ते मुलांच्या हाती लागणार नाही असे ठेवावे आणि नाशिकला जाताना विल्हेवाटीसाठी सोबत न्यावे.