कललेल्या नौकेचे निदान

बंदरात वारा पडलेला आहे, पाणी संथ आहे आणि धक्क्याजवळ एक छोटी शिडाची नौका उभी आहे. सागरी सफरीसाठी बांधलेल्या अशा नौकेवर दोन-चार माणसे आठवडेच्या आठवडे राहतात. तिथेच स्वयंपाक करतात, तिथेच झोपतात. मालकाला सगळे ठीक वाटते. पहिल्यांदाच आलेला पाहुणा मात्र आत पाऊल टाकताच विचारतो, ‘‘ही उजवीकडे कललीय का हो?’’ मालक साफ नाही म्हणतो. पाहुणा जेवणाच्या मेजावर एक लिंबू ठेवतो. लिंबू गडगडत उजवीकडे जाते आणि खाली पडते.

मालक खोटे बोलत नसतो. त्याला कल जाणवतच नसतो. आपले शरीर सरळ आहे की नाही, हे मेंदूला तीन ठिकाणांहून कळते. अंतर्कर्णात कॅल्शियमचे अतिसूक्ष्म खडे असतात, ते गुरुत्वाकर्षणाची दिशा सांगतात. पाय, पाठ आणि मानेचे स्नायू आपल्यावर पडणारा भार कळवतात. तिसरी साक्ष डोळ्यांची, आणि मेंदू तिच्यावर फार विसंबतो. हर्मन विटकिन आणि सॉलोमन ॲश या मानसशास्त्रज्ञांनी १९४८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत अंधाऱ्या खोलीत एक तिरकी चौकट आणि तिच्या आत एक दांडी दाखवली होती. दांडी सरळ उभी करा म्हटल्यावर अनेक जण ती चौकटीच्या कलाकडे झुकवत. नौकेची खोली ही अशीच तिरकी चौकट आहे. भिंती, दार, कपाट सगळे एकत्र कललेले असल्यामुळे डोळ्यांना ते सरळच वाटते. म्हणून रोज आत राहणाऱ्यापेक्षा बाहेरून आलेल्याला दोष लवकर दिसतो. रुग्णाच्या बाबतीतही हेच घडते. खांदा उतरलाय किंवा चाल बदललीय हे आधी शेजाऱ्याच्या लक्षात येते.

इथे एक फरक नीट समजून घ्यायला हवा. वाऱ्याने शीड भरले की नौका कलते आणि वारा गेला की सरळ होते. हा आजार नाही, शिडाच्या नौकेचा तो स्वभावच आहे. पण वारा नसताना, संथ पाण्यातही नौका एकाच बाजूला झुकलेली राहत असेल तर तिच्या आत काहीतरी बिघडले आहे. असा कल हे लक्षण आहे. ते दिसले की पहिला विचार मनात येतो तो दुसऱ्या बाजूला वजन टाकण्याचा. पुष्कळ लोक तेच करतात, आणि तिथेच चूक होते.

नौका सरळ का राहते, हे थोडक्यात पाहू. नौकेचे सगळे वजन जणू एका बिंदूतून खाली ओढत असते, तो गुरुत्वमध्य. पाणी तिला वर ढकलत असते. हा वरचा रेटा बुडालेल्या भागाच्या मध्यातून लागतो. इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकात आर्किमिडीजने तरंगणाऱ्या वस्तूंचे नियम मांडले, त्यांचा गाभा हाच आहे. नौका कलली की बुडालेल्या भागाचा आकार बदलतो, खाली गेलेल्या बाजूला तो जास्त होतो. रेट्याचा बिंदू तिकडे सरकतो आणि त्या बाजूला वर उचलतो. अशा रीतीने नौका आपण होऊन सावरते. पिएर बुगेर या फ्रेंच शास्त्रज्ञाने १७४६ मध्ये नौकाबांधणीवरच्या ग्रंथात यासाठी ‘मेटासेंटर’ नावाचा बिंदू सांगितला. कललेल्या नौकेतल्या रेट्याची रेषा नौकेच्या मध्यरेषेला जिथे छेदते, तो हा बिंदू. तो गुरुत्वमध्याच्या वर असेल तर नौका सावरते. खाली गेला तर ती सरळ उभी राहूच शकत नाही.

आता एखादे वजन मध्यरेषेपासून दूर, उजवीकडे असेल, तर गुरुत्वमध्यही थोडा उजवीकडे जातो. मग रेट्याचा बिंदू बरोबर त्याच्या खाली येईपर्यंत नौका उजवीकडे कलते आणि तिथे थांबते. तिच्या दृष्टीने तीच समतोल अवस्था असते. ढकलून सरळ केली तरी ती पुन्हा तिथेच येणार.

तेव्हा आधी तपासणी. संथ पाण्यात, बांधलेले दोर सैल सोडून नौका मोकळी ठेवायची, कारण ताणलेला दोरही तिला एका बाजूला ओढतो. माणसांना मध्यभागी बसवायचे. खोलीच्या छतापासून मध्यरेषेवर एक मीटर लांबीचा ओळंबा सोडायचा, गवंडी भिंतीसाठी वापरतो तसाच. खाली पट्टी ठेवून तो किती सरकला ते मोजायचे. समजा ओळंबा साडेपाच सेंटिमीटर उजवीकडे गेला. म्हणजे कल तीन अंशांहून थोडा अधिक. ऐकायला किरकोळ वाटते, पण तीन मीटर रुंदीच्या नौकेत एक काठ दुसऱ्यापेक्षा सोळा-सतरा सेंटिमीटर खाली असतो.

मग तळाच्या फळ्या उचलून पाणी पाहायचे. ही तपासणी सर्वांत आधीची, कारण कल आत शिरलेल्या पाण्यामुळे असेल तर बाकीचे हिशेब दुय्यम ठरतात. पाणी असेल तर ते खारे की गोडे, हा पुढचा प्रश्न. खारे म्हणजे समुद्र आत येतोय. तळाला भेग असेल किंवा पंख्याच्या दांड्याजवळून गळत असेल. गोडे म्हणजे टाकी फुटली आहे किंवा पावसाचे पाणी झिरपते आहे. जुन्या काळी वैद्य लघवीला मुंग्या लागतात का ते पाहून मधुमेह ओळखत, तसाच हा प्रकार. चव घेण्याच्या भानगडीत मात्र पडू नये, त्या पाण्यात तेल आणि बॅटरीतले आम्ल असू शकते. साबण चोळून पाहावा. खाऱ्या पाण्यात फेस नीट धरत नाही.

तळातले पाणी आणखी एका कारणाने घातक असते. अर्धी भरलेली परात उचलून नेताना जरा हात कलला की सगळे पाणी एका कडेला धावते आणि परात आणखी कलते. नौकेत नेमके हेच होते. अर्धवट भरलेल्या रुंद टाक्याही असेच वागतात. म्हणून टाकीत आडपडदे घालतात आणि शक्यतो टाकी पूर्ण भरलेली किंवा पूर्ण रिकामी ठेवतात. काही नौकांत दोन्ही बाजूंना टाक्या असून त्या नळीने जोडलेल्या असतात. मधली चावी उघडी राहिली तर पाणी वरच्या टाकीतून खालच्या टाकीत गुपचूप उतरत राहते आणि कल वाढत जातो. अशा वेळी इलाज साधा आहे. पंपाने पाणी दोन्हीकडे सारखे करायचे आणि चावी बंद ठेवायची.

पाणी कोरडे, टाक्या ठीक, तरीही कल उरला, तर मांडणी पाहायची. बॅटरी, शेगडी, शीतकपाट, नांगराची साखळी, हत्यारांची पेटी अशा जड वस्तू वर्षानुवर्षे सोयीप्रमाणे ठेवल्या जातात आणि नकळत एका बाजूला जमतात. इथे शाळेतले त्रैराशिक कामाला येते. वजन किलोत आणि मध्यरेषेपासूनचे अंतर मीटरमध्ये घेऊन गुणाकार केला की त्या वस्तूची ‘ओढ’ मिळते. नौका डावीकडे किती सहज झुकते हे पाहायला ६० किलोच्या एका माणसाला मध्यापासून एक मीटर डावीकडे उभे करायचे. ओढ झाली ६०. समजा त्यामुळे ओळंबा दीड सेंटिमीटर डावीकडे आला. मग साडेपाच सेंटिमीटरसाठी लागणारी ओढ २२०.

ही २२० दोन तऱ्हांनी मिळते. डावीकडे एक मीटरवर २२० किलो शिसे ठेवले की नौका सरळ होईल, पण ते ओझे कायमचे वाहावे लागेल आणि नौका पाण्यात खोल बसेल. दुसरी तऱ्हा जागा बदलण्याची. उजवीकडे १.२ मीटरवर असलेल्या ६० किलोच्या बॅटऱ्या डावीकडे तितक्याच अंतरावर नेल्या तर उजवीकडची ७२ ओढ जाते आणि डावीकडे ७२ येते. फरक पडतो १४४. उजवीकडे एक मीटरवरची ३८ किलोची साखळी डावीकडे तितक्याच अंतरावर नेली तर आणखी ७६. बेरीज बरोबर २२०. एक किलोही न वाढवता नौका सरळ! वजन घालावेच लागले तर ते तळाशी आणि पक्के जखडून. नौकेच्या तळात घालायच्या अशा वजनाला मराठीत नीरम म्हणतात. सुटे दगड किंवा लोखंड लाटेत घरंगळले तर औषधच विष ठरते.

पाय आखूड असल्याची तक्रार घेऊन रुग्ण येतो तेव्हा डॉक्टर आधी टेप काढतात. हाड खरोखर आखूड असते, किंवा कंबर तिरकी झाल्यामुळे पाय फक्त आखूड भासतो. दोन्हींत माणूस लंगडतोच. न मोजता बुटाखाली जाड तळवा लावला तर दुसऱ्या रुग्णाची पाठ बिघडते. नौकेतही कल दोन जातींचे असतात, आणि तिथे चुकीच्या इलाजाची किंमत फार मोठी असू शकते.

दुसरी जात अशी. वजन एका बाजूला नसते, ते फार उंचावर असते. छतावर सामान, वरच्या मजल्यावर माणसे, तळ हलका. गुरुत्वमध्य मेटासेंटरच्याही वर जातो. अशी नौका सरळ उभी राहू शकत नाही, कुठल्यातरी एका बाजूला पडून तिथे टेकते. कधी डावीकडे, कधी उजवीकडे. ती उजवीकडे टेकली असताना कोणी डावीकडे वजन टाकले, तर ती सरळ होऊन थांबत नाही. मध्य ओलांडून डावीकडे कोसळते, पहिल्यापेक्षा जोरात, आणि तिथून उलटू शकते.

शिकागो शहरातल्या नदीत २४ जुलै १९१५ च्या सकाळी ‘ईस्टलँड’ ही प्रवासी बोट धक्क्याला बांधलेली होती. एका कारखान्यातले कामगार कुटुंबांसह सहलीला निघाले होते. बोटीवर अडीच हजारांवर माणसे होती. ‘टायटॅनिक’ दुर्घटनेनंतर जीवरक्षक होड्या वाढवण्याचा कायदा झाला होता आणि त्यापायी आधीच डळमळीत असलेल्या या बोटीवर, तेही उंचावर, आणखी वजन चढले होते. बोट आधी धक्क्याकडे कलली. ती सावरण्यासाठी दुसऱ्या बाजूच्या टाक्यांत पाणी घेतले. मग ती नदीकडे कलली. हा खेळ काही काळ चालला आणि साडेसातच्या सुमारास बोट नदीच्या बाजूला आडवी झाली. पाणी जेमतेम सहा मीटर खोल होते, काठ हाकेच्या अंतरावर होता. ८४४ माणसे मेली.

अशा कलावर उपाय एकच, आणि तो खालून सुरू होतो. उंचावरचे वजन उतरवायचे, माणसांना सावकाश खाली आणायचे, तळ जड करायचा. कललेल्या नौकेचे दुखणे पहिल्या जातीचे की दुसऱ्या, हे तिच्या डोलण्यावरून ओळखता येते. संथ पाण्यात तिला हलवून सोडायचे आणि पूर्ण झोक्याला लागणारे सेकंद मोजायचे. लहान मच्छीमार नौकांसाठी एक ढोबळ नियम आहे. झोक्याचे सेकंद नौकेच्या रुंदीच्या मीटरपेक्षा कमी असावेत. तीन मीटर रुंद नौका अडीच सेकंदांत झोका पुरा करत असेल तर ठीक. ती आळसावल्यासारखी हळूहळू डोलत असेल, बाजूला जाऊन रेंगाळत असेल, तर तो डौल नाही, धोक्याची सूचना आहे.

हे सगळे फक्त नौकेच्या मालकांसाठी नाही. १७ जुलै १९४७ रोजी मुंबईहून रेवसला निघालेली ‘रामदास’ बोट वादळी समुद्रात उलटली आणि सहाशेहून अधिक माणसे बुडाली. घाबरलेले प्रवासी एका बाजूला धावले आणि बोटीचा तोल गेला, असे त्या दुर्घटनेबद्दल आजही सांगितले जाते. बोटीतली माणसे म्हणजे हलणारे वजन. ८० माणसे, प्रत्येकी ६० किलो, दोन मीटर एका बाजूला सरकली तर ९,६०० ची ओढ काही सेकंदांत तयार होते. कोणत्याही पंपाला इतक्या लवकर तिचा मुकाबला करता येणार नाही.

म्हणून खाडी ओलांडताना किंवा सहलीच्या बोटीत चढताना काही गोष्टी पाळाव्यात. जीवरक्षक जाकीट बसल्याबरोबर अंगावर चढवावे. गर्दीने भरलेल्या बोटीचा वरचा मजला टाळावा. बोट धक्क्याला असतानाच बाजूला झुकलेली दिसली किंवा फार संथ डोलत असेल तर चढू नये, पुढची घ्यावी. डॉल्फिन दिसला म्हणून सगळ्यांनी एका कठड्याकडे धावू नये. आणि बोट कललीच तर दुसऱ्या बाजूला पळण्याचा मोह आवरावा. खाली बसावे, घट्ट धरावे, मुलांना जवळ घ्यावे आणि खलाशी सांगेल तसे एकेकाने सरकावे.