डी बॉईनचा कंपू आणि शिपायाचा पगार



डोंगरी मुलखातल्या माणसाला एक गोष्ट कोणी समजावून सांगावी लागत नाही. ज्या घरचे भात वर्षभर पुरत नाही, त्या घरातला एक तरी गडी पोटासाठी घाट उतरतो. आपल्या हिरडस मावळातून, गुंजण मावळातून, कानद खोऱ्यातून पूर्वी गडी गडकोटांवर चाकरीस जात. पुढे तेच गडी मुंबईच्या गिरण्यांत आणि गोदीत गेले. युरोपातही असाच एक डोंगरी मुलूख आहे. आल्प्स पर्वताच्या कुशीतले स्वित्झर्लंड आणि त्याला लागूनच असलेला सव्हॉय प्रांत. तेथली जमीन थोडी, हिवाळा लांब आणि घरात खाणारी तोंडे फार. म्हणून तेथले तरुण कित्येक शतके परक्या राजांच्या फौजांत पगारावर लढत आले.

अठराव्या शतकात ही वाट हिंदुस्थानापर्यंत पोहोचली. लोझान गावचा पोलिए नावाचा स्विस गृहस्थ इंग्रज कंपनीचा इंजिनीयर म्हणून आला, अयोध्येच्या नबाबाकडे राहिला आणि वेदांची हस्तलिखित प्रत मिळवून युरोपात पाठवण्याचा मानही त्याने मिळवला. न्यूशातेलच्या द म्यूरों घराण्याने उभारलेली अख्खी स्विस पलटण आधी डच कंपनीच्या आणि नंतर इंग्रजांच्या पगारावर होती. १७९९ साली श्रीरंगपट्टणच्या वेढ्यात ती टिपूविरुद्ध लढली. या आल्प्सकडच्या मंडळींपैकी मराठ्यांच्या इतिहासाशी ज्याची गाठ सर्वांत घट्ट बसली, तो महादजी शिंद्यांचा सेनापती बेन्वा डी बॉईन. आज त्याचीच हकीकत सांगण्याचे आम्ही योजिले आहे. तो स्विस नव्हे, शेजारच्या सव्हॉयचा. आणि आपल्या पुस्तकांत त्याला फ्रेंच म्हणतात तेही तितकेसे बरोबर नाही. सव्हॉय त्या काळी सार्डिनियाच्या राजाकडे होते. फ्रान्सकडे ते कायमचे गेले १८६० साली.

आम्ही इतिहास कॉलेजात शिकलो नाही. कामगारांच्या सभा, वाटाघाटी आणि संप यांतून जो वेळ उरला, त्यात जे मिळाले ते वाचले. त्यामुळे कोणत्याही फौजेची हकीकत वाचताना पहिला प्रश्न मनात येतो तो हाच, की या शिपायांना पगार किती होता, आणि तो वेळेवर मिळत होता काय? डी बॉईनच्या कंपूचे रहस्य उलगडण्यास हा साधा प्रश्न फार उपयोगी पडतो असा आमचा अनुभव आहे.

डी बॉईनचा जन्म ८ मार्च १७५१ रोजी शांबेरी या गावी झाला. बापाचा धंदा कातडी आणि लोकरी केसांच्या चामड्याचा. दुकानात बसणे या पोराला मानवले नाही. सतराव्या वर्षी तो फ्रान्सच्या राजाच्या आयरिश पलटणीत शिरला. तेथे बढती मिळेना म्हणून पुढे रशियाच्या राणीच्या चाकरीत गेला आणि तुर्कांच्या हाती सापडून कैदेत पडला. सुटल्यावर भटकत भटकत १७७८ साली मद्रासेस उतरला व कंपनीच्या देशी पलटणीत अगदी खालच्या अधिकाऱ्याची जागा त्याने धरली. १० सप्टेंबर १७८० रोजी पोल्लिलूर येथे हैदरअलीने इंग्रजांची एक तुकडी साफ बुडवली. डी बॉईनची पलटण त्या तुकडीत होती. हा मात्र दुसऱ्या कामगिरीवर असल्याने वाचला. पुढे कंपनीची चाकरी सोडून, वॉरन हेस्टिंग्जची शिफारसपत्रे घेऊन तो लखनौस आला. तेथे पोलिएसारख्या मंडळींशी त्याची ओळख झाली. इतके देश पालथे घालून तिशी ओलांडली, तरी पदरी फारसे काही नव्हते. अशा वेळी त्याची आणि महादजींची गाठ पडली.

महादजींना अशा माणसाची गरज होती. पानिपतच्या रणात १७६१ साली त्यांचा पाय कायमचा अधू झाला. राणेखान भिस्त्याने त्यांना वाचवले म्हणून ते दक्षिणेस परत आले. १७७९ साली वडगावास इंग्रजांना त्यांनी शरण आणले खरे, पण पुढच्याच वर्षी मेजर पॉपहॅमच्या थोड्याशा शिस्तबद्ध शिपायांनी ग्वाल्हेरचा किल्ला रात्रीतून घेतला. नुसत्या घोड्यावर आता राज्य राखता येणार नाही, हे त्यांनी ओळखले. आपल्याकडे बंदुकवाले गाडदी होते, तोफा होत्या. परंतु एकाच हुकमाने चालणारे, दर महिन्याला पगार घेणारे आणि बारा महिने हजर असणारे पायदळ नव्हते. सरंजामी सरदार आपल्या पथकांसह येई, पावसाळा आला की गावी जाई. आणि त्याच्या स्वारांना काय मिळते हे धन्याला ठाऊक नसे.

१७८४ साली करार झाला. डी बॉईनने दोन पलटणी उभ्या कराव्यात, दर पलटणीत साडेआठशेच्या आसपास माणूस असावा. त्याला स्वतःला दरमहा १००० रुपये आणि दर शिपायामागे ८ रुपये मिळावेत. डी बॉईनने शिपायाचा पगार साडेपाच रुपये ठरवला आणि उरलेल्या अडीच रुपयांतून अधिकाऱ्यांचा खर्च भागवला. येथे मंडळी, आम्हास क्षणभर थांबावेसे वाटते. माणशी अमुक रक्कम घ्यायची आणि त्यातून माणसाला कमी द्यायची, ही रीत आपल्या ओळखीची आहे. ही मुकादमी आहे. फौजेचा हा महान सेनापती आरंभी एक मुकादमच होता, हे झाकण्याचे कारण नाही. परंतु त्याच्यात आणि सामान्य मुकादमात एक फरक होता. ठरलेला पैसा ठरल्या दिवशी शिपायाच्या हातावर पडलाच पाहिजे, हा त्याचा हट्ट होता. आणि या हट्टाची किंमत तीनच वर्षांत कळून आली.

जुलै १७८७ मध्ये लालसोटजवळ जयपूर-जोधपूरच्या राजपुतांशी महादजींची गाठ पडली. लढाई अनिर्णित राहिली. खरा घात झाला तो लढाईनंतर. महादजींकडील बादशाही हिंदुस्थानी पलटणींचा पगार कित्येक महिने थकला होता. त्यांनी थकबाकी मागितली, ती मिळाली नाही. हजारो शिपाई तोफांसह सरळ शत्रूच्या छावणीत निघून गेले. महादजींना सर्व टाकून माघार घ्यावी लागली आणि उत्तर हिंदुस्थान हातचे जाते की काय अशी वेळ आली. इतिहासकार याला फितुरी म्हणतात. आम्ही तिचे समर्थन करीत नाही. पण उपाशी शिपायाला फितूर म्हणणाऱ्याने आधी खजिनदाराची वही उघडून पाहावी, एवढेच आमचे म्हणणे आहे. त्याच दिवसांत डी बॉईनच्या दोन पलटणी मात्र जागच्या हलल्या नाहीत. माघारीची पिछाडी त्यांनी सांभाळली. पुढे १७८८ साली आग्र्याजवळच्या लढाईत त्याच पलटणींनी इस्माइल बेगाला हरवण्यात मोठा वाटा उचलला.

यानंतर डी बॉईनने फौज वाढवण्याची मागणी केली. महादजींना तो खर्च पेलेना आणि तो चाकरी सोडून लखनौस व्यापार करीत बसला. पण १७९० साली महादजींनी त्याला परत बोलावले आणि या वेळी दहा पलटणींचा पूर्ण कंपू, सोबत तोफखाना आणि घोडदळ, असे मोठे काम सोपवले. सँग्स्टर नावाच्या स्कॉटिश कारागिराने आग्र्यास तोफा ओतल्या. पगाराचा घोळ पुन्हा होऊ नये म्हणून अलीगडच्या आसपासचा दुआबातील सुपीक मुलूख फौजेच्या खर्चासाठी लावून दिला. याला जायदाद म्हणत. त्याचा वसूल डी बॉईनने स्वतः करावा आणि त्यातून फौज पोसावी, अशी ती व्यवस्था होती.

या कंपूचे नियम आपण मुद्दाम ऐकण्यासारखे आहेत. शिपाई जखमी झाला तर जखमेच्या मानाने त्याला पंधरा दिवसांपासून तीन-चार महिन्यांच्या पगाराइतके बक्षीस मिळे, आणि बरा होईपर्यंतचा पगार कापला जात नसे. जो कायमचा निकामी झाला त्याला अर्ध्या पगाराचे निवृत्तिवेतन जन्मभर मिळे व शिवाय जमीन मिळे. जो मेला त्याची चीजवस्त त्याच्या वारसांच्या हाती जाई. हे सर्व अठराव्या शतकात चालू होते. आपल्या देशात कारखान्यात अपघात झालेल्या कामगाराला नुकसानभरपाई देण्याचा कायदा १९२३ साली झाला, हे लक्षात घेतले म्हणजे या नियमांचे मोल कळते. डी बॉईन दयाळू होता म्हणून त्याने हे केले असे आम्ही म्हणत नाही. ज्या शिपायाला आपल्या पाठीमागे आपले घर उघडे पडणार नाही याची खात्री असते, तोच शिपाई तोफेच्या तोंडासमोर रांग मोडत नाही, हा रोकडा हिशेब त्याला कळला होता.

आणि रांग मोडली नाही. २० जून १७९० रोजी पाटण येथे इस्माइल बेग व राजपूत यांचा पराभव झाला. त्याच वर्षी १० सप्टेंबरला मेडत्यास राठोडांचे घोडदळ या पायदळावर आदळले. चारी बाजूंनी बंदुका रोखून चौकोन करून उभ्या राहिलेल्या पलटणी फुटल्या नाहीत. घोड्यांची लाट मात्र फुटली. राठोडांचे शौर्य अतुल होते, परंतु शौर्याची गाठ शिस्तीशी पडली होती. १७९२ साली महादजी पुण्यास येऊन राहिले ते मागे हा कंपू उभा होता म्हणूनच. दुर्दैव असे, की १७९३ साली लाखेरीस याच कंपूने तुकोजी होळकरांची फौज मोडली. मराठ्यांनी मराठ्यांवर चालवलेले ते हत्यार होते.

१२ फेब्रुवारी १७९४ रोजी पुण्याजवळ वानवडीस महादजींचा अंत झाला. धनी गेला आणि प्रकृतीही ढासळली, म्हणून डी बॉईनने १७९५ च्या अखेरीस चाकरी सोडली. जाताना त्याने आपल्या खाशा स्वारांचे पथक, घोडे, उंट आणि तोफा यांसह, मोल घेऊन इंग्रज कंपनीच्या हवाली केले. इंग्रजांविरुद्ध आपण लढणार नाही, ही अट त्याने चाकरी धरतानाच घातली होती, हेही येथे सांगितले पाहिजे. अपार संपत्ती घेऊन तो आधी लंडनला व नंतर आपल्या शांबेरीस गेला. तेथे त्याने इस्पितळे, अनाथ आणि वृद्ध यांच्यासाठी सढळ हाताने पैसा दिला. सार्डिनियाच्या राजाने त्याला काउंट केले. २१ जून १८३० रोजी तो वारला. १८३८ साली गावकऱ्यांनी त्याच्या स्मरणार्थ चार हत्तींचे कारंजे उभारले; ते आजही त्या गावच्या चौकात आहे. ते हत्ती हिंदुस्थानातले आहेत, आणि तो पैसाही दुआबातल्या शेतकऱ्याच्या घामाचा आहे, हे तेथे जाणाऱ्याने विसरू नये.

त्याच्या मागे काय झाले? जायदाद आणि फौज पेराँ या फ्रेंच अधिकाऱ्याकडे गेली. इकडे दौलतराव शिंद्यांचा खजिना आटला. फौजेचा खर्च भागेना, तेव्हा १७९८ साली सर्जेराव घाटग्याने पुण्यातल्या घराघरांतून माणसांचे हाल करून पैसा उकळला. ज्या राज्यात शिपायाचा पगार नियमाने येत नाही, तेथे तो रयतेच्या पाठीवरून येतो, याचा हा दाखला आहे. १८०३ साली इंग्रजांशी युद्ध जुंपले, तेव्हा कंपूतले इंग्रज वंशाचे अधिकारी कंपनीच्या आश्वासनावर निघून गेले. अलीगड ४ सप्टेंबरला पडले. पेराँ स्वतः इंग्रजांच्या आश्रयास गेला. ज्यांच्या हाती जमीन, पैसा आणि हुकूम सर्व काही सोपवले होते, ते बहुतेक वरचे लोक महिन्याभरात पसार झाले.

खालचे लोक मात्र पसार झाले नाहीत. १ नोव्हेंबर १८०३ रोजी लासवाडीच्या रणात सतरा पलटणी आपल्या युरोपियन अधिकाऱ्यांवाचून उभ्या राहिल्या. गोलंदाज तोफेशेजारी मरून पडले, पण तोफ सोडून गेले नाहीत. जिंकणाऱ्या जनरल लेकने स्वतः त्यांच्या शौर्याची तारीफ केली आणि त्यांना चांगले अधिकारी असते तर निकाल काय लागला असता हे सांगवत नाही, अशी कबुली दिली. ते शिपाई बहुतेक दुआबातले आणि अयोध्येकडचे, साडेपाच रुपयांचे चाकर होते. त्यांच्यापैकी एकाचेही नाव कोणत्या कारंज्यावर नाही.

तेव्हा मंडळी, डी बॉईनकडून दोन गोष्टी शिकायच्या. पहिली, की माणसाचा पगार आणि त्याच्या जखमेची भरपाई ही त्याच्यावर केलेली मेहेरबानी नव्हे. ती शिस्तीची पायाभरणी आहे. आपल्या शिवाजी महाराजांनी हे त्याच्याही शंभर वर्षे आधी ओळखून फौजेला रोख वेतन देण्याचा शिरस्ता घातला होता. आपण तो मोडला आणि परक्याकडून पुन्हा शिकलो. दुसरी गोष्ट, की विद्या भाड्याने आणता येते, पण ती घरच्या माणसांच्या हाती दिली नाही तर भाडेकरू जाताना किल्ल्याही घेऊन जातो. महादजींना शिपाई मिळाले. त्या शिपायांतून त्यांचे स्वतःचे सेनापती घडवण्याची व्यवस्था कोणी केली नाही. लासवाडीस ज्यांनी आपण होऊन रांग धरली, त्यांच्यात ती लायकी नव्हती असे कोण म्हणेल?

आपल्या गावाजवळच्या सातारा रस्त्याने पुण्यास गेलात, तर एकदा वानवडीची शिंद्यांची छत्री पाहून या. तेथे महादजींना हात जोडा. आणि हात जोडताना लासवाडीच्या त्या बिननावाच्या गोलंदाजांचीही आठवण ठेवा, एवढेच आमचे मागणे आहे.