पाचटाचा धूर आणि गावची हवा

हवेचे प्रदूषण म्हटले की कारखान्यांची धुराडी आणि शहरातील वाहनांची वर्दळ डोळ्यांपुढे येते. ते चूकही नाही. परंतु गळीत हंगामात ऊस पट्ट्यातील गावांत संध्याकाळी पाहावे, तर तोडणी झालेल्या फडांतून धुराचे लोट उठताना दिसतात. या धुराबरोबर काय जाते आणि तो कोणाच्या छातीत उतरतो, याचा विचार शेतकरी बंधूंनी करणे जरुरीचे आहे.

एक हेक्टर उसापासून साधारणपणे ८ ते १० टन पाचट मिळते. फडात ते एकसारखे जळत नाही. खालचे ओलसर थर धुमसत राहतात. अशा अपुऱ्या ज्वलनातून कार्बन मोनॉक्साइड, हायड्रोकार्बन वायू आणि काजळीचे सूक्ष्म कण बाहेर पडतात. पाचटातील नत्रापासून नायट्रोजनची ऑक्साइडेही तयार होतात. यांपैकी २.५ मायक्रॉनपेक्षा लहान कण सर्वांत घातक असतात. माणसाचा केस सुमारे ७० मायक्रॉन जाड असतो, यावरून त्यांच्या आकाराची कल्पना यावी. नाक व घसा त्यांना अडवू शकत नाहीत. ते फुप्फुसात खोलवर जातात, काही रक्तातही मिसळतात. दमा व हृदयविकार असणाऱ्यांना त्यांचा त्रास अधिक होतो. आपल्या देशातील २००९ च्या मानकानुसार या कणांचे २४ तासांचे सरासरी प्रमाण घनमीटरला ६० मायक्रोग्रॅमपेक्षा जास्त नसावे. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये हीच मर्यादा १५ सुचविली आहे.

थंडीत परिस्थिती आणखी बिघडते. सूर्यास्तानंतर जमीन झपाट्याने गार होते व तिच्यालगतची हवाही थंड आणि जड होते. वर मात्र उबदार हवेचा थर राहून तो झाकणासारखे काम करतो. त्यामुळे संध्याकाळी पेटविलेल्या फडाचा धूर दुसऱ्या दिवशी ऊन तापेपर्यंत गावावरच तरंगत राहतो. याची सर्वांत जास्त झळ फडाशेजारी कोपीत झोपणाऱ्या ऊसतोड मजुरांच्या मुलांना बसते.

पिकेही यातून सुटत नाहीत. नायट्रोजनची ऑक्साइडे व हायड्रोकार्बन यांवर सूर्यप्रकाशाची क्रिया होऊन जमिनीलगत ओझोन तयार होतो. वाहनांचा धूरही यात भर घालतो. आकाशात उंचावर असणारा ओझोन आपले रक्षण करतो. जमिनीलगतचा मात्र पर्णरंध्रांतून पानात शिरून पेशींना इजा करतो. पाने लवकर पिवळी पडतात, अन्ननिर्मिती मंदावते व दाणा नीट भरत नाही. गहू आणि सोयाबीन ही पिके ओझोनला विशेष संवेदनशील आहेत.

आता हिशेब पाहू. पाचटात सुमारे ०.५ टक्का नत्र व ३२ ते ४० टक्के सेंद्रिय कर्ब असतो. म्हणजे १० टन पाचट जाळले की जवळजवळ ५० किलो नत्र, म्हणजेच युरियाच्या दोन पोत्यांहून अधिक, आणि तीन टनांवर कर्ब हवेत जातो. पालाश राखेत उरते खरे, परंतु राख वाऱ्याने उडते, पाण्याने वाहते.

शेतकऱ्यांच्या अडचणी खोट्या नाहीत. उंदीर वाढतात, पाणी पुढे सरकत नाही, मजूर मिळत नाहीत. बांध स्वच्छ ठेवून बिळांचा बंदोबस्त केल्यास उंदरांचा त्रास बराच आटोक्यात येतो. पहिले पाणी देण्यास वेळ लागतो हे खरे, मात्र नंतर ओल टिकून पाळ्यांमधील अंतर वाढविता येते व तणही कमी उगवते.

बुडख्यांवरील पाचट सरीत ओढून बुडखे धारदार कोयत्याने जमिनीलगत छाटावेत. पाचटावर हेक्टरी ८० किलो युरिया, १०० किलो सिंगल सुपर फॉस्फेट आणि शेणखतात मिसळून १० किलो पाचट कुजविणारे जिवाणू संवर्धन टाकावे व पाणी द्यावे. युरियात काटकसर करू नये. पाचटात कर्ब नत्राच्या सुमारे ८० पट असतो. जिवाणूंना नत्र कमी पडले तर ते जमिनीतील नत्र ओढून घेतात आणि खोडवा पिवळा पडतो. खोडव्याची रासायनिक खते पाचटावर न फेकता पहारीने बुडख्याजवळ १५ ते २० सें.मी. खोल छिद्रे घेऊन द्यावीत.