मायकेल जॉर्डन : कौशल्य, स्वभावदोष आणि सहकाऱ्यांवरील विश्वास

प्रस्तावना

बास्केटबॉलच्या मैदानावर एका संघाचे पाच खेळाडू असतात आणि चेंडू मात्र एकच असतो. या साध्या वस्तुस्थितीतूनच या खेळातील सर्वांत अवघड प्रश्न उद्भवतो. संघातील एक खेळाडू इतर चौघांपेक्षा उघडपणे श्रेष्ठ असेल, तर निर्णायक क्षणी त्याने स्वतः चेंडू टाकावा, की मोकळ्या उभ्या असलेल्या परंतु कमी कुशल अशा सहकाऱ्याकडे तो सोपवावा? शिकागो बुल्स या संघाचा गार्ड मायकेल जॉर्डन याच्या कारकिर्दीत हा प्रश्न वारंवार उपस्थित झाला आणि त्याची वेगवेगळी उत्तरेही मिळाली.

जॉर्डनविषयी सामान्यतः सांगितली जाणारी कथा अशी की, आरंभी तो आत्मकेंद्री होता, पुढे सहकाऱ्यांवर विश्वास ठेवू लागला आणि म्हणून विजेता झाला. ही कथा सर्वस्वी खोटी नाही. परंतु ती विश्वासाला केवळ मनाचा एक गुण मानते. वस्तुतः सांघिक खेळातील विश्वास हा आक्रमणाच्या रचनेतून, सरावातून आणि प्रतिस्पर्ध्याला कराव्या लागणाऱ्या हिशेबातून घडत जातो. प्रस्तुत लेखात जॉर्डनची बलस्थाने व दोष यांच्या आधारे हाच मुद्दा स्पष्ट करण्याचा प्रयत्न केला आहे.

बलस्थाने

बास्केटबॉल संघात साधारणतः दोन गार्ड असतात. पॉइंट गार्ड चेंडू पुढे नेऊन आक्रमणाची मांडणी करतो, तर शूटिंग गार्डकडून मुख्यत्वे गुण मिळवण्याची अपेक्षा असते. जॉर्डन हा शूटिंग गार्ड होता. १७ फेब्रुवारी १९६३ रोजी जन्मलेल्या जॉर्डनने नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठाकडून खेळताना १९८२च्या राष्ट्रीय महाविद्यालयीन अंतिम सामन्यात जॉर्जटाउनविरुद्ध विजयी बास्केट केली. १९८४मध्ये शिकागो बुल्सने त्याला खेळाडू निवडीत तिसऱ्या क्रमांकावर घेतले.

त्याची वेगाने मुसंडी मारण्याची आणि हवेत असताना निर्णय बदलण्याची क्षमता सर्वपरिचित आहे. १९८६-८७च्या हंगामात त्याने सामन्यागणिक सरासरी ३७.१ या प्रमाणात एकूण ३,०४१ गुण मिळवले. एका हंगामात तीन हजारांहून अधिक गुण त्यापूर्वी केवळ विल्ट चेंबरलेनने केले होते. त्याचे बचावातील कौशल्य मात्र तुलनेने कमी चर्चिले जाते. १९८७-८८मध्ये तो हंगामाचा सर्वोत्तम खेळाडू आणि सर्वोत्तम बचावपटू असे दोन्ही बहुमान मिळवणारा खेळाडू ठरला. आक्रमणाचा सर्वाधिक भार वाहणारा खेळाडू बचावातही तितकेच श्रम घेतो, हे दृश्य दुर्मीळ होते. वयानुसार खेळ बदलण्याची तयारी हेही त्याचे मोठे बलस्थान होय. पायांतील चपळता कमी होऊ लागली तेव्हा बास्केटकडे पाठ करून उभे राहणे आणि मागे झुकत उडी घेऊन चेंडू टाकणे हे तंत्र त्याने परिश्रमपूर्वक आत्मसात केले.

दोष

परंतु याच काळातील संघाची कामगिरी पाहिली असता वेगळे चित्र दिसते. २० एप्रिल १९८६ रोजी बाद फेरीत बोस्टन सेल्टिक्सविरुद्ध जॉर्डनने ६३ गुण केले; तरीही दोन जादा कालखंडांपर्यंत लांबलेला तो सामना बुल्सने १३१-१३५ असा गमावला आणि पुढे मालिकाही ०-३ अशी गमावली. ३७.१ सरासरीच्या हंगामातही पहिल्याच फेरीत सेल्टिक्सने बुल्सला ३-० असे हरवले. गुणांचा विक्रम आणि संघाचा पराभव एकाच वेळी नांदत होते.

सर्वांत कठीण अडसर डेट्रॉइट पिस्टन्स या संघाचा होता. त्यांचे प्रशिक्षक चक डेली यांनी जॉर्डनला रोखण्यासाठी खास डावपेच आखले, जे पुढे ‘जॉर्डन नियम’ या नावाने प्रसिद्ध झाले. त्याला सोयीच्या दिशेने जाऊ न देणे, त्याच्यावर दुसरा व प्रसंगी तिसरा बचावपटू धाडणे आणि बास्केटजवळ आल्यास शारीरिक धक्क्यांनी अडवणे, हे त्यांचे सूत्र होते. १९८८, १९८९ आणि १९९० अशी लागोपाठ तीन वर्षे पिस्टन्सने बुल्सला बाद केले.

या डावपेचांचे यश जॉर्डनच्या एका दोषावर अवलंबून होते. सहकाऱ्यांच्या कुवतीविषयी त्याचे मत प्रतिकूल असे आणि ते तो लपवत नसे. सरावात सहकाऱ्यांना टोमणे मारणे, चुकलेल्याला पुन्हा चेंडू न देणे, अशा गोष्टींची नोंद त्या काळच्या वृत्तांतांत आणि पत्रकार सॅम स्मिथ यांच्या ‘द जॉर्डन रूल्स’ या पुस्तकात आढळते. एक अपयश तो दीर्घकाळ लक्षात ठेवी. स्वतःचे ईर्ष्या जागवण्यासाठी आणि दुसऱ्याचे त्याला नाकारण्यासाठी.

विश्वासाचे गणित

विश्वासाचा खेळावर होणारा परिणाम एका काल्पनिक उदाहरणाने स्पष्ट करता येईल. दोन बचावपटूंच्या वेढ्यातून श्रेष्ठ खेळाडूने शंभर वेळा चेंडू टाकला आणि तो चाळीस वेळा बास्केटमध्ये गेला, तर संघाला ८० गुण मिळतील. तेच शंभर प्रयत्न मोकळ्या असलेल्या सामान्य सहकाऱ्याने केले आणि पन्नास यशस्वी झाले, तर १०० गुण मिळतील. याचा अर्थ, कौशल्यातील अंतर मोकळेपणाने भरून निघू शकते.

परंतु खरा परिणाम याच्याही पुढचा आहे. श्रेष्ठ खेळाडू पास देणारच नाही, अशी प्रतिस्पर्ध्याची खात्री झाली की, दुसरा बचावपटू निश्चिंतपणे आपली जागा सोडू शकतो. त्याला त्याची कोणतीही किंमत मोजावी लागत नाही. उलट, पास येईल आणि तो सहकारी बास्केट करील, अशी भीती असेल तर तोच बचावपटू जागीच खिळून राहतो. म्हणजेच सहकाऱ्यावरील विश्वास प्रत्यक्ष पास दिला नाही तरी उपयोगी पडतो, कारण तो श्रेष्ठ खेळाडूभोवतीची गर्दी कमी करतो. त्या काळी एनबीएमध्ये क्षेत्र-बचावाला मनाई होती. ती २००१-०२च्या हंगामापासून उठली. त्यामुळे एका खेळाडूवर दोघे धाडायचे, तर कोणाला तरी उघडपणे मोकळे सोडणे भाग पडे. तो मोकळा खेळाडू कोण, हे ओळखणे हेच आक्रमणाचे सार होते.

येथे एक गैरसमज दूर करणे आवश्यक आहे. ज्या पासवरून सहकारी लगेच गुण मिळवतो त्याला असिस्ट म्हणतात आणि असिस्टची संख्या हे विश्वासाचे माप मानले जाते. जॉर्डनच्या कारकिर्दीतील सर्वाधिक असिस्ट-सरासरी १९८८-८९च्या हंगामातील, म्हणजे सामन्यागणिक ८.० आहे. त्या वर्षी प्रशिक्षक डग कॉलिन्स यांनी हंगामाच्या उत्तरार्धात त्याला पॉइंट गार्डच्या जागी खेळवले होते. तरीही पिस्टन्सचा अडसर पार झाला नाही. पहिले अजिंक्यपद मिळाले त्या १९९०-९१च्या हंगामात ही सरासरी ५.५ इतकी कमी होती. संख्या घटली आणि संघ मात्र विजयी झाला. याचे कारण असे की, पहिल्या व्यवस्थेत चेंडू सर्वकाळ जॉर्डनकडेच राही आणि इतर चौघे त्याच्या निर्णयाची वाट पाहत थांबत. दुसऱ्या व्यवस्थेत निर्णयच पाच जणांत वाटला गेला होता.

रचनेतील बदल

हा बदल प्रशिक्षक फिल जॅक्सन यांनी १९८९मध्ये सूत्रे हाती घेतल्यावर घडला. त्यांचे साहाय्यक टेक्स विंटर यांनी अनेक वर्षे जोपासलेली त्रिकोणी आक्रमणपद्धती त्यांनी स्वीकारली. या पद्धतीत मैदानाच्या एका बाजूस तीन खेळाडू त्रिकोण करून उभे राहतात. एक कोपऱ्यात, एक बाजूच्या रेषेलगत आणि एक बास्केटजवळ. उरलेले दोघे दुसऱ्या बाजूस असतात. खेळाडूंमधील अंतर पंधरा ते अठरा फूट ठेवले जाते, जेणेकरून एकच बचावपटू दोघांवर लक्ष ठेवू शकणार नाही. पुढची हालचाल आधी ठरलेली नसते. बचावपटू जी वाट मोकळी सोडील तिकडे चेंडू जातो.

जॉर्डनला ही पद्धती आरंभी रुचली नाही, कारण तीत चेंडू हातून सोडून द्यावा लागे. जॅक्सन यांचा युक्तिवाद व्यावहारिक होता. १९७१मध्ये मिलवॉकीच्या करीम अब्दुल-जब्बार (तेव्हाचे नाव ल्यू अल्सिंडोर) याच्यानंतर हंगामातील सर्वाधिक सरासरीच्या खेळाडूचा संघ एकदाही विजेता झाला नव्हता. १९९१मध्ये जॉर्डनने ही परंपरा मोडली. त्याची ३१.५ ही सरासरी त्या वर्षीही सर्वाधिक होती. म्हणजे त्याला आपले कौशल्य आवरते घ्यावे लागले नाही. त्याच्या वापराची जागा आणि वेळ तेवढी बदलली.

निर्णायक क्षण

१९९१च्या अंतिम मालिकेत लॉस एंजेलिस लेकर्सचे बचावपटू जॉर्डनभोवती गोळा होत आणि गार्ड जॉन पॅक्सन मोकळा राही. १२ जून रोजी झालेल्या पाचव्या सामन्यात जॉर्डनने त्याला हेरून पास दिले. पॅक्सनने अखेरच्या चार मिनिटांत १० गुण मिळवले आणि बुल्सने १०८-१०१ अशा विजयासह पहिले अजिंक्यपद पटकावले. या मालिकेत जॉर्डनची असिस्ट-सरासरी ११.४ झाली. १९९३च्या अंतिम मालिकेत फिनिक्सविरुद्धच्या सहाव्या सामन्यात चेंडू जॉर्डनकडून स्कॉटी पिपेनकडे, त्याच्याकडून होरेस ग्रँटकडे आणि शेवटी पॅक्सनकडे गेला. त्याच्या तीन गुणांच्या बास्केटने ९९-९८ असा विजय मिळाला. त्या अखेरच्या कालखंडात तोवरचे बुल्सचे सर्व गुण एकट्या जॉर्डनचे होते, हे ध्यानात घेतले म्हणजे त्या पासचे मोल कळते.

निवृत्तीनंतर परतलेल्या जॉर्डनने २८ मार्च १९९५ रोजी न्यूयॉर्क निक्सविरुद्ध ५५ गुण केले. या सामन्यात त्याच्या नावावर केवळ दोन असिस्ट होते. परंतु त्यांपैकी एक अखेरच्या क्षणी बिल वेनिंग्टनला दिलेला, सामना जिंकून देणारा होता. १३ जून १९९७ रोजी युटा जॅझविरुद्ध ८६-८६ अशी बरोबरी असताना विश्रांतीच्या वेळी जॉर्डनने स्टीव्ह करला सांगितले की, जॉन स्टॉकटन त्याला सोडून आपल्याकडे येईल, म्हणून तयार राहा. तसेच घडले, पास गेला आणि करने विजयी बास्केट केली. पुढील वर्षी, १४ जून १९९८ रोजी, त्याच प्रतिस्पर्ध्यांविरुद्ध अखेरच्या क्षणी दुसरा बचावपटू आला नाही. तेव्हा जॉर्डनने स्वतः चेंडू टाकून ८७-८६ असा विजय मिळवला. पास देणे आणि न देणे हे दोन्ही निर्णय एकाच विचारपद्धतीतून आले होते.

कठोरपणाचा प्रश्न

ज्या करला १९९७मध्ये तो पास मिळाला, त्याच्याच चेहऱ्यावर १९९५च्या सराव शिबिरात जॉर्डनने ठोसा मारला होता. नंतर त्याने क्षमा मागितली आणि पुढे दोघांचे संबंध सुधारले, असे उभयतांनी सांगितले आहे. यावरून असा निष्कर्ष काढला जातो की, जॉर्डनच्या जाचातूनच सहकारी कणखर झाले. २०२०मध्ये प्रदर्शित झालेल्या ‘द लास्ट डान्स’ या माहितीपटातही हा सूर आढळतो.

हा निष्कर्ष तपासून पाहावा लागतो. १९९३-९४मध्ये जॉर्डन संघात नसताना बुल्सने ५५ सामने जिंकले. आदल्या वर्षी त्याच्यासह ५७ जिंकले होते. अजिंक्यपद मिळाले नाही, हे खरे. तरी ज्यांना तो उणे लेखत असे त्या सहकाऱ्यांची कुवत आणि त्यांना बांधून ठेवणारी रचना यांचा पुरावा या आकड्यात आहे. याउलट, २००१ ते २००३ या काळात तो वॉशिंग्टन विझार्ड्सकडून खेळला, तेव्हा अपेक्षांचा कठोरपणा तोच होता. परंतु दोन्ही हंगामांत संघाने ३७ सामने जिंकले, ४५ गमावले आणि बाद फेरी गाठली नाही. त्या वेळी त्याचे वय अडतीस ते चाळीस होते, त्यामुळे ही तुलना समतोल नाही. तथापि, रचना आणि अनुभवी सहकारी नसताना केवळ कठोरपणा संघ घडवत नाही, एवढे त्यावरून म्हणता येते.

निष्कर्ष

सहा अजिंक्यपदे आणि सहाही अंतिम मालिकांतील सर्वोत्तम खेळाडूचा बहुमान मिळवणाऱ्या जॉर्डनचा स्वभाव अखेरपर्यंत फारसा मवाळ झाला नाही. बदलली ती त्याच्याभोवतीची व्यवस्था. तिने सहकाऱ्यांना निश्चित जागा दिल्या, सरावाने त्या जागांवरील कौशल्य पक्के केले आणि प्रत्यक्ष सामन्यांत त्याची प्रचिती आल्यावर जॉर्डनचा विश्वास बसला. विश्वास आधी आणि यश नंतर, असा हा सरळ क्रम नव्हता. लहान यशातून लहान विश्वास आणि त्यातून मोठे यश, अशी ती चढती साखळी होती.

महाविद्यालयीन संघ घडवणाऱ्या प्रशिक्षकांना आणि शिक्षकांना यातून एक उपयुक्त सूत्र मिळते. असामान्य विद्यार्थ्याला ‘इतरांवर विश्वास ठेव’ असा केवळ उपदेश करून भागत नाही. इतरांना विश्वासास पात्र होण्याची संधी सरावात वारंवार मिळेल आणि त्या विद्यार्थ्याला ती पात्रता प्रत्यक्ष दिसेल, अशी रचना उभारावी लागते. ती जबाबदारी श्रेष्ठ खेळाडूची नसून त्याला शिकवणाऱ्याची आहे.